रतनगड ते हरिश्चंद्रगड, पाण्याच्या मागे मागे

परळच्या आमच्या चाळीत पाणी पहाटे साडेचारला येतं आणि सहाला जातं. तेवढ्या वेळात पिंप, दोन हंडे, कळशी आणि बादल्या भरून झाल्याच पाहिजेत. माझ्या लहानपणापासून हे काम आईचं. त्यामुळे पाणी जपून वापरणं आम्हाला कुणी शिकवायला नको, असंच मी आजवर धरून चालले होते. दादा ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "एकदा माझ्याबरोबर रतनगड-कात्राबाई-हरिश्चंद्रगड कर. मग बोलू."

दादा तीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय. या जानेवारीत त्याचा मुलगाही यायला तयार झाला. तो एफवायला आहे आणि अजून एकही रात्र त्याने छपराबाहेर काढलेली नाही. अमावास्येच्या आसपासचे चार दिवस ठरले, कारण दादाला भाच्याला तारे दाखवायचे होते. वाटेत ना हॉटेल, ना नळ, ना संडास, ना मोबाइलची रेंज. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मुक्काम आणि विस्तव यांचे नियम तिथे बदलत असतात, म्हणून दादाने आधीच चौकशी करून ठेवली होती. मुक्कामाला हरकत नव्हती, पण रानात लाकूड पेटवायचं नाही. म्हणून छोटी गॅसची शेगडी घेतली.

"आत्या, पाणी किती घेऊ?" भाच्याने सॅक भरताना विचारलं.

उत्तर दादाने दिलं. "प्रत्येकी चार लिटर. कपडे कमी कर, खाऊ कमी कर, पाणी कमी करू नकोस."

चार लिटर म्हणजे चार किलो. त्यावर कॅरीमॅट, स्लीपिंग बॅग, तांदूळ, मूगडाळ, कांदे-बटाटे, पातेलं, ताडपत्री आणि तिघांत एक तंबू. मध्यरात्रीच्या सुमाराची कसारा लोकल दादरला पकडली. आटगाव, खर्डी ही स्टेशनं अंधारातच मागे गेली. इथूनच थोडं आत तानसा आहे. 1892 सालापासून तिथलं पाणी उतारा-उताराने मुंबईला येतं. चाळीतला नळ आणि हा अंधार एकाच पाइपाने जोडलेले आहेत, हे मला माहीत होतं. पण खिडकीला डोकं टेकून त्याचा विचार मी पहिल्यांदाच करत होते.

पहिला दिवस

कसाऱ्याला उतरलो तेव्हा तीन वाजत आले होते. स्टेशनबाहेर चहा घेतला, बाकावर दोन तास डुलक्या काढल्या आणि पहाटे ठरवलेल्या जीपने निघालो. थळ घाट चढून इगतपुरी, घोटी, मग बारी आणि शेंडी. शेंडी म्हणजे भंडारदऱ्याचं गाव. 1926 साली पुरं झालेलं इथलं धरण प्रवरेवर आहे. उजाडता उजाडता जीप जलाशयाच्या कडेने जायला लागली. पाण्यावर वाफेचा थर होता आणि त्याच्यावर रतनगड नुसता तरंगत होता. भाच्याने फोटोसाठी मोबाइल काढला तेव्हा रेंज गेलेली होती. त्याने दोनदा मोबाइल बंद-चालू करून पाहिला आणि मग खिशात ठेवून दिला.

रतनवाडीत आधी अमृतेश्वराचं दर्शन घेतलं. शिलाहार राजा झंज याने नद्यांच्या उगमांशी बारा शिवालयं बांधली, त्यांतलं हे प्रवरेचं, असं सांगतात. दगडी खांबांवर आणि छतावर इतकं बारीक कोरीवकाम आहे की गाभाऱ्यात जायला आम्हाला वेळ लागला. पावसाळ्यात इथली पिंड पाण्याखाली जाते. शेजारी चौकोनी पुष्करणी आहे, तिच्या भिंतींत कोनाडे आणि कोनाड्यांत मूर्ती. पाणी येतं त्या जागेला देव मानून एवढी कारागिरी करणाऱ्या माणसांबद्दल मला तिथे उभं राहून मनापासून आदर वाटला.

दादाच्या ओळखीचे मामा गावातच राहतात. महादेव कोळी समाजाचे, वय साठीच्या पुढे, अंगाने काटक. कुमशेतपर्यंत ते बरोबर येणार होते, कारण त्यांची लेक तिथे दिलेली आहे. त्यांच्याकडे सामान काय, तर एक काठी, कमरेला कोयता, खांद्यावर घोंगडी आणि फडक्यात बांधलेल्या नागलीच्या भाकऱ्या. पाण्याची बाटली नव्हती.

"मामा, पाणी?" मी विचारलं.

"रानात हाये की, ताई."

वनखात्याच्या नाक्यावर नोंद केली आणि प्रवरेचं कोरडं पात्र ओलांडत रानात शिरलो. हिरडा, जांभूळ, अंजनी, मध्ये मध्ये कारवीची जाळी. सात वर्षांनी एकदा फुलणाऱ्या याच कारवीच्या काठ्यांचे कुड इथल्या घरांना असतात. एका उंच झाडावर शेकरूचं घरटं दिसलं, खुद्द शेकरू मात्र नाही. रानात एका ठिकाणी वाट फुटते. एक गडावर जाते, दुसरी कात्राबाईच्या खिंडीकडे. ती जागा मामांनी भाच्याला मुद्दाम दाखवली. "उद्या इथंच यायचं हाये, नीट बघून ठेव."

पुढे चढ छातीवर येतो आणि शेवटी लोखंडी शिड्या लागतात. पाठीवरचं ओझं मागे खेचत असताना शिडी चढणं मला अवघड गेलं. मामा खालून नुसतं सांगत होते, "वर बघा ताई, पायाकडं नको." गणेश दरवाजातून आत शिरलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. जवळच रत्नाबाईची गुहा आहे, आमचा मुक्काम तिथेच.

सॅक टेकवून पहिलं काम पाण्याचं. गडावर कातळात खोदलेली टाकी बरीच आहेत, पण सगळ्यांतलं पाणी पिण्याजोगं नाही. मामांनी एक टाकं दाखवलं. वर शेवाळाची साय होती, दोन वाळकी पानं तरंगत होती. मामांनी ओणवं होऊन उलट्या हाताने साय अगदी हळू बाजूला सारली, पाणी अजिबात ढवळू न देता, आणि उघड्या झालेल्या वीतभर जागेत तांब्या आडवा बुडवला. तांब्याच्या तोंडावर दादाने आईच्या जुन्या सुती साडीचा चौघडी तुकडा धरला आणि पाणी गाळून पातेल्यात ओतलं. फडक्यावर दोन बारीक किडे आणि हिरवट गाळ राहिला. भाचा टक लावून बघत होता. ते पाणी खळखळा उकळी येऊन पाच मिनिटं तसंच ठेवलं, मग बाटल्यांत भरलं. पूर्वी इकडे मडक्याला आतून निवळीचं बी उगाळायचे, की गाळ तळाशी बसायचा, हे मामांकडून कळलं.

संध्याकाळी नेढ्यापर्यंत गेलो. कातळाला आरपार भोक आहे, त्यात दहा-पंधरा माणसं आरामात बसतील. वारा मात्र टिकू देत नाही. समोर अलंग-मदन-कुलंग, त्यांच्या पलीकडे 1646 मीटरचं कळसूबाईचं शिखर, दुसऱ्या अंगाला आजोबाचा डोंगर आणि लांब, निळसर, उद्या-परवा गाठायचा हरिश्चंद्रगड. दादाने भाच्याला एकच गोष्ट सांगितली. या धारेच्या पूर्वेला पडलेला थेंब प्रवरेतून गोदावरीत आणि तिथून बंगालच्या उपसागरात जातो. पश्चिमेला हातभर अंतरावर पडलेला अरबी समुद्रात. भाचा बराच वेळ त्या धारेवर बसून होता. इतका वेळ तो गप्प राहिलेला मी घरी कधी पाहिलेला नाही.

रात्री खिचडी. चार माणसांचं जेवण, चहा, पिणं, भांडी, हात धुणं असं सगळं मिळून संध्याकाळपासून झोपेपर्यंत नऊ लिटर पाणी लागलं. मी मोजत होते. पातेलं आधी वाळक्या गवताने घासून कोरडं केलं, मग अर्ध्या तांब्यात विसळलं आणि ते पाणी टाक्यापासून लांब नेऊन टाकलं. प्रातर्विधीचाही हाच नियम. पाण्यापासून दोनशे पावलं दूर जायचं, वीतभर खड्डा खणायचा आणि नंतर माती लोटून बुजवायचा. बायकांना डोंगरात या गोष्टीचा संकोच फार होतो आणि त्यापायी त्या पाणीच कमी पितात. मीही पूर्वी ते केलंय, आणि दुपारी डोकं धरून बसलेय. खुरपं सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवा, जागा उजेडी बघून ठेवा आणि पोटभर पाणी प्या, एवढंच प्रत्येकीला सांगेन.

जेवणानंतर टॉर्च विझवून बाहेर आलो. कृत्तिकांचा पुंजका डोक्यावर, त्याच्या खाली रोहिणी, मग मृग आणि पाठोपाठ व्याध. परळला मृगाचे चार-पाच तारे ओळखू येतात. इथे त्याच्या पट्ट्याखालचा तो धुकट डागही दिसत होता. "आत्या, हे सगळं रोज असतं?" भाच्याने विचारलं. रोज असतं, म्हटलं.

दुसरा दिवस

सकाळी चहा-पोहे करून निघेपर्यंत आठ वाजले. चूक इथेच झाली. उतरून रानात वाटा फुटतात तिथे यायला साडेदहा झाले आणि कात्राबाईच्या चढाला लागलो तेव्हा ऊन तापलं होतं. त्यात भाच्याच्या सॅकमधली दोन लिटरची बाटली झाकणाशी चिरली होती. कुणाला कळेपर्यंत त्याची स्लीपिंग बॅग निम्मी भिजली आणि पाणी गेलं. तो रडवेला झाला. दादा एक शब्द बोलला नाही. स्वतःच्या बाटलीतलं निम्मं त्याच्या दुसऱ्या बाटलीत ओतलं आणि म्हणाला, "चल."

खिंडीची वाट दाट झाडीतली आहे. सावली असते, पण वारा पोचत नाही. लांबून तांबट एका लयीत टुक टुक करत राहतो, तेवढाच आवाज. पाऊण चढावर मामांनी सगळ्यांच्या बाटल्या उचलून पाहिल्या. चौघांत मिळून दीड लिटर उरलं होतं. खिंड अजून पाऊण तास, पलीकडचा उतार दोन-अडीच तास. मला पहिल्यांदा भीती वाटली. घसा कोरडा पडला की विचारही कोरडे पडतात. पुढची पायरी, पुढचं झाड, याच्यापलीकडे काही सुचत नाही.

मामा वाट सोडून डावीकडे एका ओढ्यात उतरले. ओढा ठणठणीत कोरडा, नुसते दगडगोटे आणि वाळलेली पानं. ते मान खाली घालून वरच्या अंगाला चालत गेले आणि एका मोठ्या धोंड्याच्या पोटाशी थांबले. तिथे उंबराचं झाड होतं आणि धोंड्याच्या बुडाशी वाळू इतर ठिकाणापेक्षा जराशी काळपट. मामांनी ती मुठीत घेऊन दाबली, वास घेतला आणि कोयत्याच्या टोकाने उकरायला लागले.

हातभर खणल्यावर वाळू ओली लागली. आणखी वीतभर गेल्यावर तळाशी चहाच्या रंगाचं पाणी जमायला लागलं. मामांनी ते ओंजळीने बाहेर फेकलं. पुन्हा जमलं, पुन्हा फेकलं. असं तीन वेळा केलं. मग खड्ड्याच्या कडेने चपटे गोटे उभे रचले, म्हणजे वाळू आत ढासळणार नाही, आणि म्हणाले, "आता बसा. त्याला येऊ द्या."

आम्ही गोल बसून खड्ड्यात बघत राहिलो. पाणी कुठून येतंय ते दिसत नाही. एका गोट्याच्या कडेला बारीक चमक दिसते, ती फुगते आणि नकळत तळ झाकला जातो. पाच मिनिटांनी गाळ बसला आणि तळाची वाळू कणाकणाने दिसायला लागली. मामांनी घोंगडीच्या गाठीतून नारळाची करवंटी काढली. तिच्या कडेने, पाणी हलू न देता, एक एक घोट उचलायचा आणि फडक्यातून बाटलीत सोडायचा. आठ-दहा करवंट्या झाल्या की थांबायचं, पुन्हा भरू द्यायचं. भाच्याने करवंटी मागून घेतली. पहिल्या वेळी घाईत बुडवली तर सगळं गढूळ झालं आणि आणखी पाच मिनिटं थांबावं लागलं. दुसऱ्या वेळी त्याने श्वास रोखून उचलली.

एक लिटरची बाटली भरायला वीस मिनिटं लागली. आम्ही सहा बाटल्या भरल्या. म्हणजे दोन तास.

याला झिरा म्हणतात. मामांची आई उन्हाळ्यात अशाच झिऱ्यावर रात्री कळशी लावून बसायची, कारण दिवसा बायकांची रांग असायची. "पहाटेपर्यंत दोन कळश्या व्हायच्या," मामा म्हणाले. मला एकदम आमच्या आईचं साडेचारचं उठणं आठवलं. सह्याद्रीच्या या अंगाला शंभर-शंभर इंच पाऊस पडतो आणि मार्च उजाडला की इथल्या बायका हंडे घेऊन डोंगर उतरतात, कारण कातळावर पडलेलं पाणी थांबत नाही. तो पाऊस अडवून शहरांनी आपले नळ भरले. ज्या माणसांच्या माथ्यावर तो पडतो, त्यांच्या दारात नळ पोचायला किती उशीर झालाय! याचा मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

निघताना मामांनी गोटे काढले नाहीत. खड्ड्यावर उंबराची फांदी आडवी टाकली. "रानातल्या जनावरांना होईल," म्हणाले.

खिंडीत पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. पलीकडे एकदम दरी उघडते. समोर आजोबा, खाली कुमशेतची भाताची रिकामी खाचरं. मामांनी कात्राबाईच्या सुळक्याकडे वळून हात जोडले, आम्हीही जोडले. उतरताना अंधार पडला. गावाबाहेरच्या खळ्यावर, शेणाने सारवलेल्या सपाट जमिनीवर, तंबू लावला. मामा लेकीकडे गेले आणि तासाभरात ती स्वतः आली. डोक्यावर टोपली, टोपलीत नागलीच्या गरम भाकऱ्या, खुरासणीची चटणी, हुलग्याचं कढण, आणि कडेवर पाण्याने भरलेली कळशी.

"ताई, पाणी उलीसं जपून," ती म्हणाली आणि लगेच संकोचली. "नाय, लागलं तर सांगा, आणून देते."

ती कळशी तिने कुठून आणली ते मी विचारलं नाही. आम्ही तिघांनी रात्रभरात तिच्यातलं तीन तांबे वापरलं. उरलेलं सकाळी तिच्या माठात ओतून दिलं.

तिसरा दिवस

या वेळी पहाटे साडेपाचला चालायला लागलो. मामांनी निरोप घेतला. दादाने मजुरीचे पैसे दिले, ते त्यांनी न मोजता बंडीच्या खिशात ठेवले. करवंटी त्यांनी भाच्याला दिली.

पेठेच्या वाडीवरून पाचनईला दहाला पोचलो. तिथून हरिश्चंद्रगडाची वाट सोपी आहे. कातळकड्याच्या पोटातून आडवी जाते आणि मग मंगळगंगेच्या पात्रातून देवळाशी निघते. हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरातल्या कोरीव लेखांत चांगदेवांचं नाव आहे. केदारेश्वराच्या लेण्यात कमरेएवढ्या पाण्यात मोठी पिंड आहे. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत उरलाय. भाचा पाण्यात उतरला, प्रदक्षिणा घालून कुडकुडत बाहेर आला आणि म्हणाला, "पप्पा, इथे एवढं पाणी, आणि काल..." पुढे तो बोलला नाही.

दुपारी सप्ततीर्थ पुष्करणीच्या काठावर चिप्सची रिकामी पाकिटं आणि प्लास्टिकच्या बाटल्या दिसल्या. संध्याकाळी कोकणकड्याकडे शे-दीडशे माणसांचा तळ पडला होता. मोठ्याने गाणी, आणि हात धुवायला बाटलीबंद पाणी. आयोजकांपैकी एकाला दादाने शांतपणे विनंती केली. आवाज थोडा कमी झाला आणि अर्ध्या तासाने पुन्हा वाढला. मला फार वाईट वाटलं. 1835 साली कर्नल साइक्सने याच कड्यावरून इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, पाहिलं होतं. खाली धुकं आणि पाठीमागे सूर्य असला की ते दिसतं. एवढी जागा, आणि तिच्याकडे पाठ करून माणसं नाचत होती. भाच्याने मोठी पिशवी काढली आणि कुणी न सांगता पुष्करणीच्या काठावरची पाकिटं गोळा करून आणली. आम्ही देवळाजवळच्या गुहेत झोपलो.

चौथा दिवस

पहाटे कडा रिकामा होता. धुकं नव्हतं, इंद्रवज्र नाही. पण खाली कोकणातले दिवे एक एक करून विझताना पाहिले. नऊला पाचनईला उतरलो, राजूरमार्गे जीपने कसारा, आणि दुपारची लोकल. खर्डीला गर्दी झाली. सॅकवर बसून भाचा झोपला, करवंटी त्याच्या मांडीवर होती. भांडुपच्या आसपास मोबाइल वाजायला लागले, तरी तो उठला नाही.

घरी पोचलो तेव्हा सात वाजले होते. सामान उपसताना आईला कोपऱ्यातली एक बाटली सापडली. कुमशेतला उकळून घेतलेली, झिऱ्याची शेवटची. ती मुद्दाम मागे ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं.

"हे कसलं पाणी?" आईने विचारलं.

"आजी, कात्राबाईचं. वीस मिनिटांत एक बाटली भरते," भाचा म्हणाला.

आईने झाकण उघडलं, वास घेतला आणि एक घोट तोंडात घोळवून गिळला. "जरा मातकट लागतं," ती म्हणाली. "आमच्या गावच्या झिऱ्याचं असंच होतं." मग तिने अर्धं पाणी खिडकीतल्या तुळशीला घातलं, अर्धं देवापुढच्या तांब्यात ओतलं आणि साडेचारचा गजर लावायला गेली.